सीओजीच्या फॉलोअप गाईडलाईन्स आणि पेन्टेकचे रिपोर्ट: रेडिएशन झालेल्या मुलांच्या घरच्यांसाठी रिव्ह्यू

रेटिंग आधीच देतो. सीओजीच्या लाँग टर्म फॉलोअप गाईडलाईन्सना ५ पैकी साडेचार. पेन्टेकच्या रिपोर्टांना घरच्या माणसाच्या नजरेनं तीन, पण डॉक्टर आणि फिजिसिस्ट लोकांसाठी पूर्ण पाच. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत पण विषय एकच, लहान मुलांना कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, दिला की गाठीच्या आजूबाजूचे जे चांगले अवयव असतात त्यांचं पुढं काय होतं, किती डोसला काय होतं, आणि ते वेळेत कसं पकडायचं.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. भाचीला सातव्या वर्षी मेडुलोब्लास्टोमा झाला, म्हणजे लहान मेंदूच्या भागातली गाठ. ऑपरेशन मुंबईत, शेक मुंबईत, केमो मुंबईत, आणि ताई-भावजींबरोबर सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं फायली घेऊन ये-जा करणारा मी मामा. आता ती तेरा वर्षांची आहे, शाळेत जाते, गाठ परत आलेली नाही. देवाची आणि त्या डॉक्टरांची कृपा. पण गाठ गेली म्हणजे सगळं संपलं असं नसतंय हे आम्हाला कुणी नीट बसवून सांगितलं नाही, ते या दोन गोष्टी वाचून कळलं म्हणून लिहितोय.

सीओजी म्हणजे चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुप, अमेरिकेतल्या आणि आणखी काही देशांतल्या मुलांच्या कॅन्सर हॉस्पिटलांचा मोठा गट. त्यांनी २००३ साली या गाईडलाईन्स पहिल्यांदा काढल्या आणि दर काही वर्षांनी सुधारतात, ऑक्टोबर २०२३ ला सहावं व्हर्जन आलं. नेटवर फुकट आहे, पीडीएफ उतरवून घ्यायची. ट्रीटमेंट संपून दोन वर्षं झालेल्या मुलांसाठी आहे. यात खास काय तर ते आजाराच्या नावावर जात नाहीत, तुमच्या मुलाला काय काय दिलं त्यावर जातात. अमुक केमो दिली असेल तर हे बघा, डोक्याला शेक दिला असेल तर हे बघा, मणक्याला दिला असेल तर हे, छातीला दिला असेल तर ते. प्रत्येकासमोर काय होऊ शकतं, कोणाला धोका जास्त, कोणती तपासणी आणि किती दिवसांनी. बस. आपल्या पोराला लागू नसलेली पानं सोडून द्यायची. मी आमच्या मुलीपुरती पानं काढली, स्पायरल बाइंडिंग केलं आणि तेच घेऊन आमच्या इथल्या लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो.

मॅडमचं कौतुक करतो कारण कितीतरी डॉक्टरांना पेशंटनं नेटवरचं काही आणलं की राग येतो. यांनी दहा मिनिटं पानं चाळली, बाहेर रांग होती तरी. मग तिला उभं करून उंची घेतली आणि नंतर एका लाकडी स्टुलावर ताठ बसवून, पाठ भिंतीला टेकवून, स्टुलापासून डोक्यापर्यंतची उंची वेगळी घेतली. मी इतकी वर्षं वजन-उंची बघत आलो पण बसून उंची घेताना कधी बघितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या मामा, मणक्याला शेक बसलाय ना, पाय वाढतात आणि धड मागं राहतं, नुसती उभी उंची बघून ते कळत नाही. तीच गोष्ट त्या पानावर लिहिलेली होती. मग टीएसएच आणि फ्री टी-फोर या थायरॉईडच्या रक्ततपासण्या लिहून दिल्या. टीएसएच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉईड कमी काम करत होतं. थायरॉईडची गोळी सुरू झाली. आम्ही घरी म्हणत होतो पोरगी आळशी झालीय, अभ्यासाला बसली की झोपते, आणि ताई तर तिच्यावर ओरडायची सुद्धा. गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत फरक दिसला. या एका गोष्टीसाठीच मी चार स्टार दिले असते.

गाईडलाईन्सबरोबर हेल्थ लिंक्स नावाची छोटी छोटी माहितीपत्रकं मिळतात, घरच्यांसाठी सोप्या भाषेत, एकेक विषयाची. थायरॉईड, ऐकू येणं, दात, हृदय, शाळा आणि अभ्यास असे विषय. शाळेवरचं मी तिच्या वर्गशिक्षिकांना देऊन आलो. डोक्याला शेक झालेल्या मुलांचा काम करायचा वेग कमी पडतो, लक्ष टिकत नाही, एकदम तीन सूचना दिल्या तर गोंधळतात, हे बाईंनी वाचलं आणि तिला पहिल्या बाकावर घेतलं, पेपरला वेळ जास्त मिळावा म्हणून अर्ज कसा करायचा तेही त्यांनीच बघितलं.

अर्धा स्टार का कापला, तर मराठीत मला कुठं सापडलं नाही. इंग्रजी सोपं आहे म्हणतात पण माझ्या ताईला ते सोपं नाही, भावजींना नाही, आणि आपल्या जिल्ह्यातनं, मंगळवेढा-अक्कलकोट कडनं येणाऱ्या आईबापांना तर अजिबात नाही. शिवाय सगळी तपासणी अमेरिकेतल्या इन्शुरन्सवाल्या माणसाला धरून लिहिलीय, न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (लक्ष, स्मरणशक्ती तपासणारा तज्ज्ञ) पूर्ण टेस्टिंग करून घ्या असं एका ओळीत लिहून मोकळे होतात, आपल्याकडे त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागतंय आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. हा दोष त्यांचा नाही, पण वापरताना जाणवतोच.

आता पेन्टेक. हे जड आहे पण मला यात जास्त जीव अडकला. मोठ्या माणसांसाठी २०१० मध्ये क्वान्टेक नावाचे रिपोर्ट आले होते, कुठल्या अवयवाला किती डोस चालतो आणि किती डोसला किती टक्के लोकांना त्रास होतो याचे. जगभरातले प्लॅनिंग करणारे लोक ते आकडे वापरतात. मुलांसाठी मात्र असं काही एका जागी नव्हतं. अमेरिकेतले डॉ. लुईस कॉन्स्टाइन आणि देशोदेशीचे डॉक्टर, फिजिसिस्ट, आकडेमोड करणारे लोक एकत्र आले, जुने सगळे पेपर खणून काढले, आणि एकेका अवयवाचा रिपोर्ट तयार केला, २०२४ मध्ये तो सगळा संच रेडिएशन ऑन्कॉलॉजीच्या मोठ्या जर्नलमध्ये आला, ज्याला ते लोक रेड जर्नल म्हणतात.

मुलांसाठी वेगळं का लागतं तर मोठ्या माणसाचा अवयव तयार झालेला असतो, त्याला इजा होते का एवढंच बघायचं असतं. मुलाचा अवयव अजून वाढायचा असतो. इजा दिसत नाही, पण वाढ थांबते, आणि ते कळायला पाच-दहा वर्षं जातात. पाच वर्षांच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तोच डोस दिला तरी परिणाम सारखा नसतो. मोठ्यांचे आकडे काढून त्यातनं थोडे कमी करायचे असा हिशोब इथं चालत नाही.

या रिपोर्टांत प्रत्येक अवयवाचं मॉडेल असतं, ते म्हणजे काय ते मला आधी कळेना. मुंबईला शेक दिला तिथल्या फिजिसिस्ट सरांनी समजावलं. ते आडव्या रेषेवर डोस घेतात, उभ्या रेषेवर त्रास होण्याची शक्यता. कमी डोसला रेघ जमिनीलाच चिकटलेली, मग एका टप्प्यानंतर झपकन वर चढते, आणि वर जाऊन परत सपाट होते. कुठल्या डोसला ती चढायला लागते हे प्रत्येक अवयवाचं वेगळं. आणि अवयवाची जातही बघावी लागते. मज्जारज्जूत एका जागी जरी डोस हद्दीबाहेर गेला तरी खालचं सगळं अडतं, म्हणून तिथं सगळ्यात जास्त डोस कुठं बसला ते बघतात. लिव्हर, फुप्फुस, किडनी यांचं तसं नाही, सोलापुरी चादरीतले चार धागे तुटले म्हणून चादर वाया जात नाही, तिथं किती भाग वाचला आणि सरासरी डोस किती हे महत्त्वाचं. त्यात परत रोज किती द्यायचा हाही हिशोब असतो, रोज थोडा थोडा दिला की चांगल्या पेशींना रात्रभरात स्वतःला दुरुस्त करायला वेळ मिळतो, म्हणून तर सहा-सहा आठवडे रोज जावं लागतं.

आमच्या मुलीला ५४ ग्रे (ग्रे हे डोस मोजायचं माप), ३० फ्रॅक्शन म्हणजे ३० दिवसांचे हप्ते, दिवसाला १.८ ग्रे. त्यातले पहिले १३ दिवस पूर्ण मेंदू आणि पूर्ण मणका, २३.४ ग्रे, आणि उरलेले १७ दिवस फक्त गाठीच्या जागेवर बूस्ट, म्हणजे जादा डोस. पण हे मला कसं कळलं ऐका. डिस्चार्ज कार्डावर रेडिएशनपुढं एकच ओळ होती, आरटी ५४ ग्रे, खाली तारीख. कुठं, किती भागाला, कानाला किती गेला, पिट्युटरीला (मेंदूखालची हार्मोनची ग्रंथी) किती गेला, काही नाही. काउंटरवर डोसचा पूर्ण कागद मागितला तर तुम्हाला त्याचं काय काम असं उत्तर मिळालं. फिजिक्सच्या खोलीपर्यंत गेलो तेव्हा त्या सरांनी कॉम्प्युटरवर प्लॅन उघडला. रंगीत रेघांचा आलेख होता, त्याला डीव्हीएच म्हणतात, प्रत्येक अवयवाच्या किती टक्के भागाला किती डोस गेला ते दिसतं. हिरवी रेघ डावा कान, निळी उजवा. डाव्या कॉकलियाचा, म्हणजे ऐकू येणाऱ्या आतल्या कानाचा, सरासरी डोस ३१ ग्रे, उजव्याचा ३८, कारण गाठ थोडी उजवीकडे होती. त्याचा प्रिंट दिला त्यांनी, त्यावर सही केली. तो कागद माझ्या फाईलमध्ये सगळ्यात वर आहे.

का, तर पेन्टेकमध्ये कानाचा रिपोर्ट वाचा. कॉकलियाचा सरासरी डोस साधारण ३५ ग्रेच्या आत राहिला तर नुसत्या रेडिएशननं ऐकू कमी होण्याचा धोका कमी, त्याच्या वर गेला की वाढत जातो. आणि सिस्प्लॅटिन केमो दिली असेल तर ती स्वतःच कान खराब करते, दोन्ही मिळून जास्त. मेडुलोब्लास्टोमाच्या मुलांना बहुधा दोन्ही मिळतं. आमच्या मुलीच्या ऑडिओग्राममध्ये दोन्ही कानांत बारीक आवाज, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीचे, कमी निघाले आणि उजवीकडे जास्त. एका मुलीवरून मॉडेल बरोबर ठरत नाही हे मला समजतं. पण तो डोसचा कागद नसता तर ऐकण्याची तपासणी इतक्या लवकर, त्रास दिसायच्या आधी, करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नसतं, त्या मॅडमच्याही नाही.

मणक्याचं एक वाचून मी थक्क झालो. लहान वयात मणक्याच्या मणी अर्ध्या शेकात आणि अर्ध्या बाहेर ठेवल्या तर एक बाजू वाढते आणि दुसरी नाही, मूल वाकडं होतं. म्हणून वाढीच्या वयातल्या मुलाला प्लॅन करताना मुद्दाम अख्खी मणी फील्डमध्ये घेतात, थोडी उंची गेली तर चालेल पण पाठ सरळ राहिली पाहिजे. किडनीच्या विल्म्स ट्यूमरला पोटाच्या एका बाजूला शेक देतात, तिथंही मणीची पूर्ण रुंदी घेतात ती यासाठीच. चांगलं अवयव वाचवायचं म्हणजे दरवेळी त्याला बाहेरच ठेवायचं असं नाही, हे मला कधी सुचलं नसतं.

काही लोक म्हणतील मग डोसच कमी का नाही करत. केलाय की. पूर्ण मेंदू-मणक्याला आधी ३६ ग्रे द्यायचे, धोका कमी असलेल्या मुलांना केमोची जोड देऊन तो २३.४ वर आणला. ल्युकेमियामध्ये तर एकेकाळी डोक्याला सरसकट २४ ग्रे देत होते, मग १८, आणि आता बहुतेक मुलांना डोक्याला शेकच देत नाहीत, केमोवर भागवतात. पण कमी करण्यालाही हद्द असते. सीओजीनंच एका ट्रायलमध्ये मेडुलोब्लास्टोमाच्या ३ ते ७ वर्षांच्या मुलांना २३.४ ऐवजी १८ ग्रे देऊन बघितलं, २०२१ मध्ये निकाल आला, १८ वाल्या मुलांचं जगण्याचं प्रमाण कमी पडलं. त्याच ट्रायलमध्ये बूस्ट मात्र मेंदूच्या आख्ख्या मागच्या भागाऐवजी फक्त गाठीच्या जागेपुरता दिला तरी चाललं. म्हणजे डोस उतरवता आला नाही पण जागा आवळता आली. ही असली बारीक गणितं करायला मॉडेल लागतं, कोणीतरी उगाच आकड्यांशी खेळत बसलेलं नाही, एका बाजूला गाठ परत यायची भीती आणि दुसऱ्या बाजूला त्या पोराची पुढची साठ वर्षं.

शेकामुळं पुढं होऊ शकणाऱ्या दुसऱ्या कॅन्सरचा भाग वाचायला जड जातो, ताईला मी तो वाचून दाखवला नाही, थोडक्यात सांगितला. त्यात थायरॉईडची रेघ वेगळीच आहे, डोस वाढला की थायरॉईड कॅन्सरचा धोका वाढतो पण साधारण २० ग्रेच्या पुढं वाढायचा थांबतो आणि मग उतरतो, कारण जास्त डोसला त्या पेशी मरूनच जातात, बिघडायला शिल्लक राहत नाहीत. हे अमेरिकेतल्या मोठ्या सर्व्हायव्हर स्टडीतनं निघालं, ज्यात १९७० पासूनची हजारो मुलं आहेत. लहानपणी छातीला शेक झालेल्या मुलींसाठी सीओजी म्हणतं की शेकानंतर ८ वर्षांनी किंवा वयाच्या २५ व्या वर्षी, जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी स्तनाची तपासणी करा. कुणाच्या घरात हॉजकिन (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झालेली मुलगी असेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.

पेन्टेकला तीनच का ते सांगतो. एक तर भाषा, एनटीसीपी (चांगल्या अवयवाला त्रास होण्याची शक्यता) आणि अल्फा-बीटा (रोजच्या डोसचा पेशींवर किती परिणाम होतो त्याचा आकडा) कळायला मला फिजिसिस्ट सर भेटले, सगळ्यांना नाही भेटत. दुसरं, आधार जुन्या पेशंटचा आहे. आज त्रास मोजायचा तर शेक वीस-तीस वर्षांपूर्वीचा असणार, तेव्हाची मशिनं वेगळी, सीटीवर प्लॅन नव्हते, त्यामुळं अवयवाला नेमका किती डोस गेला हे मागनं अंदाजानं काढावं लागलंय. मुलांचे कॅन्सर मुळात कमी, म्हणून एकेका अभ्यासात पोरं थोडी. हे सगळं ते लोक स्वतः उघडपणे लिहितात, लपवत नाहीत, आणि पुढच्या लोकांनी डोस कसा नोंदवावा तेही सांगतात, ते मला फार आवडलं. पण घरच्या माणसानं टक्केवारी वाचून आपल्या पोराचं भविष्य काढत बसू नये. मी दोन रात्री तेच करत बसलो होतो, बायकोनं मोबाईल काढून घेतला.

प्रोटॉनबद्दल दुकानात बसल्या बसल्या लोक विचारतात. साध्या शेकात किरण गाठ ओलांडून पलीकडे बाहेर पडतो, प्रोटॉन ठराविक खोलीवर जाऊन थांबतो, म्हणून मणक्याला देताना पुढचं हृदय, आतडी, थायरॉईड वाचतात. चेन्नईला अपोलोमध्ये २०१९ पासून आहे, आणि टाटाचं खारघरला २०२३ मध्ये सुरू झालं, आमच्या मुलीच्या वेळी नव्हतं. आता कुणाच्या मुलाला मेंदूचा किंवा मणक्याचा शेक सांगितला असेल तर एकदा विचारून घ्या, पण त्यासाठी सुरुवात लांबवू नका, मेडुलोब्लास्टोमात ऑपरेशननंतर शेक वेळेवर सुरू होणं फार महत्त्वाचं असतं.

फॉलोअपची सोय आपल्याकडे नाहीच असं नाही. टाटात १९९१ पासून एसीटी क्लिनिक आहे, ट्रीटमेंट संपलेल्या मुलांसाठीच. इंडियन कॅन्सर सोसायटीचा उगम नावाचा गट आहे, बरी झालेली पोरं आता मोठी होऊन दुसऱ्यांना मदत करतात. मुंबईत राहायचा प्रश्न असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा विचारा, तिथं आमच्या ओळखीची सोलापूरची दोन घरं राहून आली.

आणि कागद. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड ट्रीटमेंट सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं बंधन आहे, आणि पेशंटनं मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. पोराचा त्रास दहाव्या-पंधराव्या वर्षी निघतो, तोपर्यंत कुठलं हॉस्पिटल जपून ठेवेल याचा भरवसा धरू नका. सीओजीच्या पीडीएफमध्ये ट्रीटमेंट समरीचा कोरा फॉर्म आहे, तो प्रिंट काढा आणि शेवटच्या व्हिजिटला डॉक्टरांपुढं ठेवा. रेडिएशनच्या रकान्यात नुसतं ब्रेन असं लिहू देऊ नका. कुठला भाग, एकूण डोस, किती फ्रॅक्शन, बूस्ट कुठं आणि किती, सुरू आणि संपल्याची तारीख, मशीन कुठलं, हे सगळं भरून घ्या, डीव्हीएचचा प्रिंट मागा, जमलं तर प्लॅनचा डेटा सीडीवर घ्या, सीटीच्या फोटोंबरोबर डोसची फाईलसुद्धा आहे का ते तिथंच विचारा, कारण आमच्या पहिल्या सीडीत नुसते फोटो होते. केमोच्या रकान्यात सिस्प्लॅटिनचा एकूण डोस लिहून घ्या. खाली सही, शिक्का. दोन झेरॉक्स, एक घरी, एक गावातल्या डॉक्टरांच्या फाईलला.